सोलापुरात बॉयसनबेरी : आपले अनुभव लिहावेत

रुडॉल्फ बॉयसन यांनी १९२० च्या दशकात कॅलिफोर्नियात वाढवलेली आणि पुढे वॉल्टर नॉट यांनी बाजारात आणलेली ही संकरित बेरी आपल्यापैकी काही जणांनी हौसेने लावली आहे. सोलापूरच्या उन्हात ती कशी सांभाळली, ते माती, पाणी व छाटणीच्या तपशिलांसह लिहावे. नुसती छायाचित्रे नकोत.

जुळे सोलापूर : आमची वेल गच्चीवर, पूर्वेच्या कठड्यालगत, अर्ध्या कापलेल्या पिंपात आहे, कारण अंगणातली काळी माती चुनखडीची असून तिचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) आठच्या वर जातो आणि अशा मातीत वेलीला लोह मिळत नाही. बोअरच्या जड पाण्यानेही तेच होते : शिरा हिरव्या राहतात आणि मधले पान पिवळे पडत जाते. तांबडी माती, कोकोपीट व मुरलेले शेणखत यांचे मिश्रण आणि साठवलेले पावसाचे पाणी दिल्यावर नवी पालवी हिरवी येऊ लागली. जुनी पाने मात्र पिवळीच राहिली. नळाला रोज पाणी नसल्याने वर उसाच्या पाचटाचा जाड थर घालतो. मार्चपासून दुपारी शेडनेट लागतेच.

दमाणीनगर : यंदा फुटलेली फांदी पुढच्या वर्षी फळते आणि मग वाळते. डाळिंबाच्या सवयीने सरसकट छाटणी केली, तर पुढचे फळ गेलेच म्हणून समजावे. फळ देऊन झालेल्या फांद्या ओळखू याव्यात म्हणून मी त्यांना टॉवेलच्या कारखान्यातला उरलेला लाल धागा बांधतो आणि त्याच तेवढ्या बुडापासून कापतो.

विजापूर रस्ता : माझी बहीण न्यूझीलंडमध्ये नेल्सनला असते, तिकडे तोडा डिसेंबर-जानेवारीत असतो. फळ लाल असताना आंबटढाण लागते. काळपट जांभळे झाले की हलक्या हाताने सुटते आणि रासबेरीसारखे पोकळ न राहता गाभ्यासकट येते. ते इतके मऊ असते की लांबच्या प्रवासात टिकत नाही, त्यामुळे ताजे खायचे तर परसातलेच. इथे थंडी अपुरी पडते, म्हणून फुले विरळ लागतात. आम्हाला जेमतेम वाटीभर फळे मिळाली.

शेळगी : वाटीभरासाठी एवढा खटाटोप कशाला? फालसा लावा, तो उन्हाला दाद देत नाही.

जुळे सोलापूर : फालसाही आहेच आमच्याकडे, पण हौसेला मोल नसते. पावसाळ्यात वेलीचे टोक मातीत दाबून ठेवले की मुळे फुटतात. रोप हवे असल्यास कुंडी व तांबडी माती घेऊन यावे.