मदत हवी आहे: बाबांना सीपॅप मशीनची सवय कशी लावावी?

नमस्कार मंडळी. बाबा जोरात घोरतात, झोपेत श्वास मध्येच थांबतो आणि दचकून जाग येते. दिवसा पेपर वाचता वाचता डुलकी. रात्रभराच्या स्लीप स्टडीत एएचआय ४२ आला, म्हणजे तासाला सरासरी ४२ वेळा श्वास अडतो किंवा उथळ होतो. ३० च्या वर गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडण्याचा आजार) धरतात. डॉक्टरांनी सीपॅप सुचवलं, म्हणजे झोपेत मास्कमधून सतत दाबाने हवा सोडून श्वासमार्ग उघडा ठेवणारं मशीन. ते हवंच, हे आम्हालाही पटलंय. या आजाराने बीपीही वाढतं, आणि गोळ्या घेऊनही बाबांचं बीपी आटोक्यात येत नाही.

अडचण मास्कची आहे. नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कने त्यांना गुदमरतं, कडेने हवा सुटून डोळ्यांत जाते, पहाटे घसा कोरडाठाक. मध्यरात्री काढूनच ठेवतात. मग आई जागीच, त्यांचा श्वास चालू आहे ना ते बघत.

ज्यांच्या घरी मशीन आहे त्यांनी कृपया सांगा: तोंड उघडं ठेवून झोपणाऱ्याला फक्त नाकावरचा मास्क चालतो का? ह्युमिडिफायरने (मशीनची हवा ओलसर करणारा भाग) कोरडेपणा कमी झाला का? दिवसा टीव्ही बघताना मास्क लावून सवय करा, असं तंत्रज्ञ म्हणाले. कुणाला उपयोग झाला? पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचंय, त्याआधी कळलं तर नेमकं विचारता येईल.