रोप टोवर मुलीची पकड टिकत नाही, मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही जातो ती स्कीची टेकडी अगदी लहान, गावातलेच लोक हौसेने चालवतात. चेअरलिफ्ट नाही, नुसता रोप टो: सतत फिरणारा जाड दोर, तो हाताने धरून वर जायचं. माझी 8 वर्षांची मुलगी उतारावरून छान येते, पण दोर धरला की हिसका बसून पडते. आधी दोर हातातून सरकू द्यायचा, मग हळूहळू मूठ आवळायची, हे तिला कळतं. पण ओल्या दोरावर लोकरीचे हातमोजे घसरतात, तळव्याची वीण पार उसवलीय. चामड्याचे घ्यावेत, की वरून वेगळं कव्हर मिळतं? मफलर आणि केस जॅकेटच्या आत खोचतेच मी. कुणाच्या मुलांना हे जमलंय का? तिला ही टेकडी फार आवडते हो, सोडवत नाही.