थीम पार्कला जाताना तुमच्या बॅगेत काय होतं आणि काय असायला हवं होतं?

पुढच्या महिन्यात आमच्या घरचे नऊ जण खोपोलीला इमॅजिकाला निघालोय. कोल्हापुरातून तीनशेच्या वर किलोमीटर. रात्री दोन-अडीचला गाडी काढायची, किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर असे टोलनाके मागे टाकत पुणं गाठायचं आणि एक्स्प्रेस वेनं गेट उघडायच्या वेळेला दारात हजर व्हायचं. परत घरी पोचेपर्यंत दुसऱ्या दिवसाची पहाट. त्यामुळे आपली बॅग पुण्या-मुंबईकरांसारखी हलकी नसते.

पण दोन वर्षांपूर्वीची गोष्ट मनातून जात नाही. सतरंजी, दशम्यांचा डबा, चार बाटल्या पाणी, प्रत्येकाचा कपड्यांचा जोड, तीन टॉवेल, सगळं एका सॅकमध्ये कोंबून आम्ही आत नेलं. मग ती सांभाळणार कोण? आई बाकावर बसली. तिचं पूर्ण तिकीट काढलं होतं आणि दिवसभर ती मांडीवर सॅक घेऊन, तिचा पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन बसून होती. संध्याकाळी तिच्या हातातल्या बांगड्यांच्या वर त्या पट्ट्याचा लाल वळ दिसला. ती काही बोलली नाही. मला मात्र जेवण गेलं नाही.

म्हणून विचारतोय: कुणालाही राखण बसावं लागणार नाही अशी बॅग तुम्ही कशी भरता? फसलेले अनुभवही लिहा, तेच जास्त उपयोगी पडतील.

राजारामपुरी, दोन मुलांची आई

दादा, आमच्याकडेही आधी एकच मोठी सॅक असायची. आता दोन भाग करते. एक गाडीची पिशवी, एक आतली बॅग. गाडीच्या पिशवीत सतरंजी, कोरडे कपडे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग, पाण्याचा कॅन. आतल्या बॅगेत तिकिटं, आधारकार्ड, एक रिकामी बाटली, एक पातळ पंचा, सनस्क्रीन आणि चार पिन. बस्स.

बहुतेक मोठ्या पार्कांत बाहेरचं खाणं आत सोडत नाहीत, तान्ह्या बाळाचं तेवढं चालतं. पहिल्या वेळी एका गेटवर आमचा अख्खा डबा बाहेर राहिला आणि मी रात्री बारापासून केलेल्या दशम्या उन्हात आंबल्या. आता पार्किंगमध्येच पोटभर खाऊन आत जातो.

वॉटर पार्क असेल तर कपड्यांचं आधी बघा. सुती कपडे पाण्यात चालवत नाहीत. सूत पाणी पिऊन जड होतं आणि त्याचे धागे पाण्याच्या गाळणीत अडकतात. नायलॉन किंवा लायक्राचेच लागतात. तिथे दारात घ्यायला गेलात तर महाग पडतं. आम्ही कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या कापड बाजारात जाऊन मुलांचे, माझे आणि सासूबाईंचेही घेतले. सासूबाईंना पूर्ण बाह्यांचे, पायघोळ मिळाले, त्यामुळे त्यांना अवघडल्यासारखं झालं नाही. गुडघाभर पाण्यात दोन तास बसल्या होत्या त्या.

उजळाईवाडी

आमी सहा मित्र बेंगळुरूच्या वंडरलाला गेल्तो, सहाशेच्या वर किलोमीटर. बॅगच न्हेली न्हाई. कमरेचा पाउच, त्यात मोबाईल झिपच्या प्लास्टिक पिशवीत. एकच सांगतो भावा, चष्मा असंल तर मागून बांधायची दोरी न्हे. आमच्यातल्या एकानं चष्मा खिशात ठेवला, वर उलटं झाल्यावर खिसा रिकामा. परतीला गाडी तोच चालवणार होता. त्याला नंबर साडेचारचा. मग मला एकट्याला रातभर चालवावी लागली. मोबाईल, किल्ली, चष्मा, यातलं काय बी उघड्या खिशात ठिवू नका.

करवीर तालुका, प्राथमिक शिक्षक

मी अनेक सहली नेल्या. नोकरीच्या सुरुवातीला गोराईच्या एस्सेल वर्ल्डला जायचो. 1989 साली सुरू झालेलं ते पार्क म्हणजे तेव्हा पोरांच्या दृष्टीनं चंद्रावर जाणं. खाडी बोटीनं ओलांडायची, आणि माझं निम्मं लक्ष पोरांच्या पाठीवरच्या पिशव्यांकडे असायचं. तेव्हापासून नियम केला: पोराच्या पाठीवर काही नाही. जे हवं ते त्याच्या अंगावर.

प्रत्येकाच्या सदऱ्याच्या आत, खिशाच्या मागच्या बाजूला, सेफ्टी पिनेनं एक चिठ्ठी. त्यावर माझा आणि गाडीच्या ड्रायव्हरचा नंबर, बॉलपेननं लिहून वर सेलोटेप. शाईपेननं लिहू नका, एका वर्षी पाण्याच्या राईडनंतर बेचाळीस चिठ्ठ्या निळ्या झाल्या आणि एक मुलगा चुकला. पाऊण तासानं सापडला, पण तो पाऊण तास मी आयुष्यात विसरणार नाही. पोराला नंबर पाठ असतो असं आईबाप म्हणतात. घाबरल्यावर पाठ असलेलं आठवत नाही. चिठ्ठीवर मुलाचं नावही मी मुद्दाम घालत नाही, कारण कुणीही अनोळखी माणूस ते वाचून त्याला नावानं हाक मारू शकतो.

दुसरं उलटीचं. जाताना पोरं झोपलेली असतात आणि पुण्याकडे जाताना खंबाटकीला बोगदा आहे, त्यामुळे फार त्रास नाही. परतीला घाट चढायचा असतो, पोटात दिवसभराचं आइस्क्रीम आणि डोकं फिरलेलं. म्हणून आलेपाक आणि कागदी पिशव्या मी परतीसाठी वेगळ्या काढून ठेवतो आणि शिरवळलाच वाटतो, घाटात नव्हे. प्लास्टिकच्या कॅरीबॅगला बारीक भोकं असतात, ती आधी फुंकून बघावी.

शाहूपुरी

सर, चिठ्ठीची युक्ती लिहून घेतली. माझा अनुभव औषधांचा आहे आणि जरा सविस्तर लिहिते, कारण घरोघरी मधुमेह आहे आणि यावर कुणी बोलत नाही.

मिस्टर दुपारी जेवणाआधी इन्सुलिन घेतात. पहिल्या वेळी पेन गाडीत ठेवलं, दुपारी जाऊन घेऊ म्हणून. एप्रिल महिना. बंद गाडीचं दार उघडलं तर आत भट्टी. वापरात काढलेलं इन्सुलिन साध्या खोलीच्या तापमानाला साधारण महिनाभर टिकतं, पण तापलेल्या गाडीत ते निकामी होऊ शकतं. आणि बर्फाला चिकटून गोठलं तरी वापरू नये. आता पेन माझ्याजवळ, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डबीत. फडकं दर दोन तासांनी भिजवायचं, पंख्याखालच्या माठासारखं ते गार राहतं.

त्याहून मोठी गोष्ट साखर उतरण्याची. रोज हजार पावलं चालणारा माणूस तिथे दहा-बारा हजार चालतो. राईडच्या रांगेत जेवणाची वेळ टळते. तसंच झालं. रांगेत उभे असतानाच हे एकदम गप्प झाले, कपाळावर घाम आणि मी काय विचारतेय ते कळेना. माझ्याकडे पुडीत साखर होती. तीन चहाचे चमचे, म्हणजे पंधरा ग्रॅम. ती पाण्यात घालून दिली, पंधरा मिनिटं थांबलो, मग बिस्किटं. रांगेतल्या अनोळखी बाईनं तिची जागा सोडून यांना बसायला लोखंडी कठडा मोकळा करून दिला. साखरेची पुडी नवऱ्याच्या खिशात आणि माझ्या खिशात, दोन्हीकडे हवी. बॅगेत नको, कारण नेमकी तेव्हा बॅग लॉकरमध्ये असते. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असली की गेटवर औषध-बिस्किटांना अडवलं नाही, हाही अनुभव.

आणि ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण घालायचं. लोक निम्मं पाकीट ग्लासात ढवळतात, ते बरोबर नाही.

मंगळवार पेठ

पायात मागे पट्टा असलेलं सँडल. वडील हौसेनं नवीन कापशी चप्पल घालून आले होते, हातानं शिवलेली, करकर वाजणारी. होडीच्या राईडमध्ये भिजली. चामडं फुगलं, वाळल्यावर अंगठा वर वळला आणि आवाज गेला. वडिलांनी ती टाकली नाही, अजून माळ्यावर कागदात आहे. कोल्हापुरी गाडीतच ठेवा.

रंकाळ्याजवळ, निवृत्त

मी वेगळं सांगतो. मला पाठीचा त्रास आहे, राईडमध्ये बसता येत नाही, तरी मला जायला आवडतं. नातवंडं लांबून हात करतात ते बघायला मी खुशीनं बाकावर बसतो. तेव्हा बसणाऱ्यासाठीही काहीतरी भरा. टोपी, वाऱ्याला धरायला पुठ्ठ्याचा पंखा, बुडाखाली घ्यायला घडीचा टॉवेल, कारण लोखंडी बाक दुपारी चटके देतो. आणि मोबाईलला पॉवर बँक, नाहीतर पोरं कुठं आहेत ते कळत नाही. माझ्याकडे फक्त सामान देऊन जातात, पाण्याची बाटली स्वतःबरोबर नेतात. ते करू नका. बाकी आईला एकदा विचारा, तिला बसायचं होतं का बसावं लागलं.

(धागा सुरू करणारा)

काका, काल रात्रीच विचारलं. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "ती डायनासोरची होडी होती बघ, माणसं भिजून हसत यायची खाली. दिवसभर बघितली मी. त्यात बसायचंय."

रविवारी तिला घेऊन गांधीनगरला जातोय. राजारामपुरीच्या ताई, पूर्ण बाह्यांचे कुठल्या बाजूला मिळाले ते जरूर सांगा.