चालू सर्व्हरवर एखादीच क्लास फाइल बदलावी का?

जावाकर
आमचं बिलिंगचं अ‍ॅप टॉमकॅटवर, म्हणजे जावाची वेब-अ‍ॅप चालवणाऱ्या सर्व्हरवर, चालतं. एका मेथडमध्ये (कोडच्या एका तुकड्यात) राउंडिंगची चूक निघाली, बदल जेमतेम दोन ओळींचा. तेवढ्यासाठी अख्खी वॉर फाइल (सगळं अ‍ॅप एकत्र बांधलेली फाइल) बनवायची, सर्व्हर बंद-चालू करायचा आणि तोवर काउंटरवर रांग खोळंबून. त्यापेक्षा नवी क्लास (कंपाइल केलेल्या कोडची फाइल) अ‍ॅपच्या वेब-इन्फ फोल्डरमध्ये टाकली आणि वेब डॉट एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलला टच केलं, म्हणजे तिची वेळ ताजी केली, की टॉमकॅट तेवढंच अ‍ॅप रीलोड करतो. जेएसपीला (स्क्रीनवरचं पान बनवणाऱ्या फाइलला) तर तेही लागत नाही. छोट्या बदलाला हाच मार्ग रास्त आहे, असं माझं मत.

रिलीजवाली
माझा ठाम विरोध. जावात 'एकच फाइल' असं बऱ्याचदा नसतंच. आत अनामिक क्लास असतील तर त्यांच्या डॉलर-एक, डॉलर-दोन अशा वेगळ्या फाइली बनतात. त्या जुन्याच राहिल्या तर?
आणि कॉन्स्टंट, म्हणजे कोडमध्ये कायम ठेवलेले आकडे? सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचा १२ टक्क्यांचा टप्पा गेला. समजा, दर एका क्लासमध्ये 'स्टॅटिक फायनल' म्हणून लिहिलाय. तो ५ केला आणि तेवढीच क्लास चढवली. पण तो दर वापरणाऱ्या बाकीच्या क्लासमध्ये कंपायलरने १२ हा आकडाच उतरवून ठेवलेला असतो. स्क्रीनवर ५, छापील बिलावर १२. लॉगमध्ये एररचा पत्ता नाही, गिऱ्हाईक भांडायला आलं की कळतं.

जावाकर
दर डेटाबेसमध्येच हवा, त्यावर वाद नाही. पण मेथडच्या आतल्या दुरुस्तीला यातलं काय लागू होतं? टोकाची उदाहरणं नकोत.

पहाटपाळी
टोकाचं उदाहरण अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर-व्यवहार करणाऱ्या कंपनीचं. ऑगस्ट २०१२. नवा कोड आठ सर्व्हरवर जायचा होता, सातवरच गेला, आणि दुसऱ्या कुणी तपासलं नाही. आठव्यावर वर्षानुवर्षं पडून असलेला जुना कोड जागा झाला. घोळ निस्तरायला त्यांनी उरलेल्या सातांवरूनही नवा कोड काढला, तेव्हा नुकसान आणखी वाढलं. ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरच्या वर गेले.

जावाकर
आमचा सर्व्हर एकच आहे हो.

रिलीजवाली
सर्व्हर एक असला तरी कोड दोन झाले ना: एक गिटमधला (जिथे कोडच्या सगळ्या आवृत्त्या जपतात), एक सर्व्हरवरचा. पुढचा माणूस गिटमधून बिल्ड करणार आणि तुमची राउंडिंगची दुरुस्ती पुसली जाणार. त्याला बिचाऱ्याला ती होती हेसुद्धा माहीत नसणार.

मधलीवाट
रांग खोळंबण्यावर टॉमकॅट ७ पासून उपाय आहे. नव्या फाइलला बिलिंग##००२.वॉर असं नाव द्या. ज्यांची सेशन (लॉग-इन करून चाललेली कामं) चालू आहेत ते जुन्या आवृत्तीवर राहतात, नवे लोक नव्या आवृत्तीवर जातात. शून्यं मात्र गाळू नका. आवृत्तीची तुलना अक्षरांप्रमाणे होते, त्यामुळे नुसतं १० लिहिलंत तर ते २ च्या आधीचं ठरतं. काही काळ मेमरी दुप्पट लागेल आणि डेटाबेसची टेबलं दोन्ही आवृत्त्यांना चालतील अशीच हवीत.

जावाकर
हे पटलं, क्लाससाठी असंच करू. जेएसपी मात्र मी हातानेच बदलणार, आधी गिटमध्ये कमिट (नोंद) करून.

रिलीजवाली
आधी कमिट असेल तर माझा अर्धा आक्षेप मिटला. उरलेला अर्धा कायम आहे: ती जेएसपी चाचणीच्या सर्व्हरवर कोण चालवून बघणार?