इंटर्नना सांधे तपासायला शिकवण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. मी ग्रामीण भागातील एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतो. आमचे इंटर्न छाती व्यवस्थित तपासतात. परंतु सांधेदुखीचा रुग्ण आला, की हात न लावताच एक्स-रे आणि आरए फॅक्टर ही संधिवातासाठीची रक्तचाचणी लिहून देतात. मागील महिन्यात एका शेतमजूर बाईंच्या बोटांच्या मुळाशी असलेले सांधे मी हलकेच दाबले, तेव्हा त्यांनी कळवळून हात मागे घेतला. त्यांच्या केसपेपरवर त्याआधी तीन वेळा केवळ वेदनाशामक गोळ्या लिहिलेल्या होत्या. ही गोष्ट मनाला लागून राहिली आहे.

१९९२ साली ब्रिटनमध्ये मांडली गेलेली 'गॅल्स' तपासणी, म्हणजे तीन प्रश्न आणि चाल, हात, पाय व कणा यांची झटपट पाहणी, मी शिकवू लागलो आहे. तिच्यातील 'कपडे स्वतः घालता येतात का' या प्रश्नाला आमच्याकडील बायका 'हो' म्हणतात. पण 'निऱ्या चिमटीत धरता येतात का, भाकरी थापता येते का' असे विचारले, की खरी अडचण बाहेर येते.

हे प्रश्न कोणी मराठीत नीट बसवून वापरले आहेत का? तसेच सुजलेला सांधा आणि हाड वाढून जाड झालेला सांधा यांतील फरक बोटांना कळावा, यासाठी त्याच त्या रुग्णांना न दमवता सराव कसा करून घ्यावा? आमच्याकडे संधिवाततज्ज्ञ नाहीत, त्यामुळे कोणाला अनुभव असल्यास कृपया सविस्तर लिहावे.