प्रति: शेगडी तंबूत नको

भूकंपानंतर थंडीत तंबूत रात्र कशी काढायची, यावर वर बरेच सल्ले आलेत. 'कपडे थरावर थर घाला, कानटोपी काढू नका' इथपर्यंत सगळं पटलं. पण तंबूत कोळशाची शेगडी पेटवून दार बंद करून झोपायचा सल्ला कृपा करून कुणी पाळू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. शेकायचं ते उघड्यावर, आत जाताना शेगडी बाहेरच.

अंथरुणाखालच्या गार जमिनीबद्दल मात्र कुणीच बोललं नाही. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटे चारनंतरचा, म्हणजे ऐन थंडीत आणि सगळे झोपेत. आमची आजी तिथल्याच पाटण भागातली. ती सांगायची, पांघरुणाआधी अंथरुणाचं बघा: खाली भाताचं पिंजर, म्हणजे पेंढा, जाड पसरायचं, वर घोंगडं, मगच पोरांना निजवायचं. अंगावर कितीही घ्या, गार जमीन खालून ऊब ओढून घेते. पिंजर कुठलं मिळणार शहरात म्हणा. पुठ्ठे, कोरडी पोती चालतात. आणि पांघरुणं आणायला म्हणून तडे गेलेल्या दगडमातीच्या घरात शिरू नका. मागाहून धक्के येतातच, कोयनेच्या पट्ट्यात तर अजून येतात.