मदत हवी आहे: पार्टनर म्हणतो, शेअर्स सोड आणि बाहेर पड

नमस्कार मंडळी. पर्वरीत आमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, होमस्टेवाल्यांसाठी बुकिंगचं सॉफ्टवेअर बनवतो. पार्टनरकडे ६० टक्के, माझ्याकडे ४०. सीझन संपला, पैसा आटला आणि त्याचा सूरच बदलला. आता शेअर्स दुसऱ्याच्या नावे करायचा एसएच-४ फॉर्म पुढे सरकवलाय. किमतीचा रकाना कोरा, माझ्या सहीच्या जागी पेन्सिलीची फुली. वर 'तू काय, घरचाच माणूस' हेही आहेच!

सही केलेली नाही. ६० टक्क्यांच्या जोरावर तो कंपनी कायदा २०१३ च्या कलम १६९ खाली मला संचालकपदावरून काढू शकतो. त्यासाठी विशेष नोटीस आणि मला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, एवढंच. पण पद गेलं म्हणून शेअर्स जात नाहीत. धास्ती वेगळीच आहे: राइट्स इश्यू काढून, म्हणजे आहेत त्याच भागधारकांना नवे शेअर्स विकत घ्यायला देऊन, माझा हिस्सा पातळ केला तर? तेवढी रक्कम भरायची माझी ऐपत नाही, आणि हे त्याला पक्कं ठाऊक आहे. आमच्यात शेअरहोल्डर करार नाही, फक्त आर्टिकल्स (कंपनीची अंतर्गत नियमावली). कंपनीच्या नेटबँकिंगचा पासवर्डही त्याने परवा बदलला.

भागधारकावरच्या अन्यायाविरुद्ध कलम २४१ खाली एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) जायचं तर मुंबई गाठावी लागणार. त्याआधी मध्यस्थीने कुणाचं सुटलंय का? नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून किंमत काढून घेतली तर बोलणीत वजन येतं का? संचालक आहे तोवर हिशेबाची कुठली कागदपत्रं हाताशी करून ठेवू? पणजी-मडगावकडे कंपनी कायद्यातला मुरलेला वकील किंवा सीएस (कंपनी सेक्रेटरी) माहीत असेल तर कृपया मेसेज करा.